टेकडीवरचं ब्रेनस्टॉर्मिंग: पेपरात नेमकं काय तपासलं होतं?

‘चालल्याने सर्जनशीलता 60 टक्क्यांनी वाढते.’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. कार्यशाळेच्या स्लाइडवर, एखाद्या रीलमध्ये किंवा विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. त्याच्या पाठोपाठ बहुतेक वेळा एक सूचना येते: मग आपण सगळे मिळून सकाळी टेकडीवर जाऊ, व्यायामही होईल आणि चालता चालता नव्या प्रोजेक्टच्या आयडियाही निघतील. काही कंपन्यांत आणि काही लॅबमध्ये ही प्रथाच झाली आहे.

सूचना ऐकायला छान आहे, तिच्यात वाईट हेतूही नाही. पण तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल तर एक सवय आत्तापासून लावून घ्या. कोणी ‘संशोधन सांगतं’ म्हणालं की विचारायचं: कोणतं संशोधन, कोणावर केलं आणि त्यात नेमकं काय मोजलं? आज हाच प्रश्न आपण टेकडीवरच्या ब्रेनस्टॉर्मिंगला विचारू.

मूळ पेपर

60 टक्क्यांचा आकडा येतो तो मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या पेपरातून. दोघं स्टॅनफर्ड विद्यापीठातले. पेपर 2014 साली ‘जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल सायकॉलॉजी: लर्निंग, मेमरी अँड कॉग्निशन’ या नियतकालिकात आला. त्यात चार प्रयोग आहेत आणि एकूण 176 सहभागी.

पहिल्या प्रयोगात 48 विद्यार्थी होते. प्रत्येकाने आधी बसून आणि मग ट्रेडमिलवर चालत दोन प्रकारच्या चाचण्या दिल्या. चालण्याचा वेग ज्याचा त्याने ठरवायचा होता.

पहिली चाचणी गिलफर्डची ‘पर्यायी उपयोगां’ची. एखादी साधी वस्तू सांगायची आणि तिचे नेहमीपेक्षा वेगळे उपयोग विचारायचे. समजा, स्टीलचा डबा. ‘पोळ्या ठेवायला’ हे उत्तर सगळेच देतील. ‘उलटा घालून ताल धरायला’ हे वेगळं आणि शक्य कोटीतलं. ‘डब्यात बसून चंद्रावर जायला’ हे वेगळं आहे, पण उपयोगाचं नाही, म्हणून धरायचं नाही. अशा विचाराला अपसारी विचार म्हणतात: एका बिंदूपासून सगळ्या दिशांना पसरणारा.

दुसरी चाचणी उलट्या प्रकारची. तीन शब्द देतात आणि तिन्हींशी जुळणारा एकच शब्द शोधायचा असतो. मराठीत करायची तर: नारळ, गढूळ, खारं. उत्तर पाणी. इथे बरोबर उत्तर एकच आणि विचार एका बिंदूकडे यावा लागतो. हा अभिसारी विचार.

निकाल असा आला: चालताना 81 टक्के विद्यार्थ्यांचे पहिल्या चाचणीतले गुण वाढले. दुसऱ्या चाचणीत मात्र फक्त 23 टक्क्यांचे वाढले, आणि सरासरीने पाहिलं तर चालताना कामगिरी किंचित घसरलीच. स्लाइडवर पहिला आकडा असतो, दुसरा नसतो. ‘सर्जनशीलता वाढते’ असं मोघम म्हटलं की अर्धा पेपर तिथेच गळून पडतो.

पुढच्या प्रयोगांत लेखकांनी आपल्याच निष्कर्षाला आडवेतिडवे प्रश्न विचारले आहेत. दुसऱ्यांदा चाचणी दिल्यामुळे सरावाने गुण वाढले का? नाही, कारण दोन्ही वेळा बसून राहिलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. चालून येऊन बसल्यावर परिणाम लगेच संपतो का? नाही, थोडा वेळ टिकतो. हा दुसरा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

चौथा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. त्यात 40 जणांचे चार गट केले: आत बसलेले, आत ट्रेडमिलवर चालणारे, बाहेर चालणारे आणि बाहेर व्हीलचेअरवर बसवून फिरवलेले. हा चौथा गट कशाला, हे जरा थांबून स्वतःलाच विचारा. बाहेर चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत दोन गोष्टी एकदम घडत असतात: पाय हलत असतात आणि भोवतालचं दृश्य बदलत असतं. फायदा पायांचा की दृश्याचा, हे वेगळं कसं करणार? पाय स्थिर ठेवून दृश्य हलवायचं! व्हीलचेअर त्यासाठी. प्रयोगाची मांडणी म्हणजे काय, हे कोणी विचारलं तर हे उदाहरण बिनधास्त द्या.

इथे काम होतं उपमा शोधण्याचं. उदाहरणार्थ, ‘लुटलेली तिजोरी’ या कल्पनेला समांतर अशी दुसरी कल्पना सांगायची. बाहेर चाललेल्या सगळ्यांनी निदान एक नवी आणि दर्जेदार उपमा दिली, आत बसलेल्यांपैकी निम्म्यांनी. ‘100 टक्के विरुद्ध 50 टक्के’ असं वाचलं की डोळे दिपतात, पण 40 जण, चार गट, म्हणजे एका गटात साधारण दहा माणसं. टक्केवारी दिसली की आधी छेद शोधायचा.

पेपरात नसलेली गोष्ट

आता हा पेपर टेकडीवर घेऊन जाऊ. सूचनेत तीन घटक आहेत: चालणं किंवा व्यायाम, मोकळी हवा आणि ग्रुप. पहिल्या दोन घटकांसाठी हा पेपर हाताशी आहे. तिसऱ्यासाठी नाही. या प्रयोगांत सहभागी एकटाच आयडिया देत होता. सोबत होता तो प्रयोगकर्ता, आणि त्याचं काम उत्तरं टिपून घेण्याचं. तो मध्येच बोलत नव्हता, ‘हे आम्ही 2019 मध्येच करून पाहिलंय’ असं म्हणत नव्हता, स्वतःची आयडिया पुढे दामटत नव्हता. चालणाऱ्याला बोलायला पूर्ण वेळ आणि ऐकायला एक शांत माणूस होता. ग्रुपमध्ये नेमकं हेच मिळत नाही.

आणि ग्रुप हा काही कोरा घटक नाही. त्याच्यावर कितीतरी आधीपासून काम झालेलं आहे. ब्रेनस्टॉर्मिंग ही पद्धत लोकप्रिय केली अॅलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने. त्याचं ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक 1953 चं. माणसं एकत्र बसून, टीका न करता बोलू लागली की एकट्यापेक्षा जास्त आयडिया निघतात, असा त्याचा दावा होता. पाचच वर्षांनी, 1958 मध्ये, येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी तो तपासला. चार-चार जणांचे बारा गट एकत्र बसवले. दुसरीकडे 48 जणांना एकेकटं बसवलं आणि नंतर कागदावर त्यांचेही चार-चारचे बारा गट केले. एकट्याने काम केलेल्या चौघांच्या याद्या एकत्र करायच्या, सारख्या आयडिया एकदाच मोजायच्या आणि एकत्र बसलेल्या चौघांशी तुलना करायची. तुलना चार डोक्यांची चार डोक्यांशीच. कागदावरचे गट जिंकले, आणि जवळजवळ दुपटीने जिंकले.

असं का होतं? पहिला अंदाज सगळ्यांच्याच मनात येतो: लोक लाजतात, हसं होईल म्हणून घाबरतात. दुसरा अंदाज: चौघं आहेत म्हटल्यावर काही जण अंग काढून घेतात. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी 1987 च्या पेपरात या कारणांची एकेक करून तपासणी केली. सगळ्यात जड भरलं ते तिसरंच कारण, अगदी साधं: एका वेळी एकच जण बोलू शकतो. दुसरा बोलत असताना तुम्ही थांबता. थांबताना स्वतःची आयडिया धरून ठेवावी लागते, म्हणून नवी सुचत नाही. किंवा ऐकता ऐकता हातातली निसटते. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, दुसरा बोलत असेल तर दिव्याने खूण देऊन थांबायला लावलं. समोर कोणी नाही, लाजायचं कारण नाही, तरी नुसत्या थांबण्याने आयडियांची संख्या घसरली. म्हणजे ‘इथे कोणी कोणाला हसणार नाही हं’ असं सरांनी कितीही प्रेमाने सांगितलं तरी अडचण सुटत नाही. अडचण स्वभावाची कमी आणि रांगेची जास्त आहे.

सकाळच्या टेकडीवर ही रांग आणखी लांबते. मेहदी मुसाईद आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये फ्रान्समधल्या रस्त्यांवर एकत्र चालणाऱ्या छोट्या गटांचा अभ्यास केला. गर्दी कमी असली की माणसं एका ओळीत शेजारी-शेजारी चालतात. गर्दी वाढली की तिघांची ओळ इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकते, म्हणजे एकमेकांशी बोलता यावं म्हणून मधला मागे राहतो. असं दोघा-तिघांत जमतं. आठ जणांच्या लॅबची टेकडीच्या पायवाटेवर काय गत होईल, याला वेगळा पेपर लागत नाही. पुढे गाइड आणि दोन सीनियर, मध्ये तिघं, मागे नवी जॉइन झालेली मुलगी आणि बूट चावणारा एक मुलगा. वर पोहोचल्यावर ‘आपण चर्चा केली’ असं म्हणतात, पण चर्चा झाली पहिल्या तिघांची.

यात व्यायाम जोरात असेल तर प्रश्न आणखी वाढतो. व्यायामाची तीव्रता ओळखायची एक सोपी खूण आहे: मध्यम व्यायामात बोलता येतं पण गाता येत नाही, आणि जोरदार व्यायामात दोन-चार शब्दांतच श्वास घ्यावा लागतो. 2014 च्या पेपरातली माणसं स्वतःच्या आरामाच्या वेगाने चालत होती. त्यावरून सिंहगडाच्या चढणीबद्दल किंवा ग्रुपने पळण्याबद्दल काही सांगता येणार नाही. खड्या चढावर ज्याच्या फुप्फुसात हवा शिल्लक आहे तोच बोलणार. आयडिया कोणाला जास्त सुचल्या, असं आपण मोजतोय असं वाटेल, आणि प्रत्यक्षात दम कोणाचा टिकला ते मोजत असू.

‘पण निसर्गाचा पेपर आहे ना!’

या टप्प्यावर कोणीतरी दुसरा पेपर काढतंच. रूथ अॅन अॅचली, डेव्हिड स्ट्रेयर आणि पॉल अॅचली यांचा, 2012 चा, ‘प्लॉस वन’मधला. यात माणसं ग्रुपनेच, अनेक दिवसांच्या पदभ्रमणाला गेली होती आणि सोबत फोन, लॅपटॉप काही नव्हतं. 24 जणांनी निघण्यापूर्वी चाचणी दिली, दुसऱ्या 32 जणांनी चौथ्या दिवशी सकाळी. दहापैकी सरासरी गुण 4.14 आणि 6.08. बातम्यांत हे ‘50 टक्के वाढ’ म्हणून आलं.

चाचणी कोणती होती? तीन शब्दांना जोडणारा एक शब्द शोधायची, म्हणजे आपल्या ‘नारळ, गढूळ, खारं’च्या जातीची. स्टॅनफर्डच्या पेपरात चालताना जी कामगिरी किंचित घसरली, तीच या पेपरात चौथ्या दिवशी चांगली निघाली! मग कोण बरोबर? दोघंही असू शकतात, कारण प्रश्नच वेगळे आहेत. एकीकडे पाय चालू असतानाचा काही मिनिटांचा परिणाम, दुसरीकडे तीन दिवस डोंगरात राहिल्यानंतरचा. त्यातही झाडांमुळे फरक पडला, फोन नसल्यामुळे, झोपेमुळे की सोबतीमुळे, हे या मांडणीत वेगळं करता येत नाही. निसर्ग आणि तंत्रज्ञानाचा अभाव यांना आपण वेगळं केलेलं नाही, हे लेखकांनी स्वतःच मान्य केलं आहे. इथे व्हीलचेअरचा गट नाही, एवढं म्हटलं तरी तुमच्या लक्षात यावं.

म्हणून हे दोन पेपर शेजारी ठेवून ‘चालणं अधिक निसर्ग अधिक ग्रुप बरोबर तिप्पट सर्जनशीलता’ अशी बेरीज करता येत नाही. घटक एकत्र आले की एकमेकांना मदत करतात तसे एकमेकांना मारकही ठरतात. पद्धतिशास्त्राच्या पेपरात आपण ‘आंतरक्रिया’ म्हणून व्याख्या पाठ करतो, ती हीच. चालण्याने वाढलेल्या आयडिया ग्रुपच्या रांगेत अडकून पडल्या तर हाती काय उरेल, हे बेरजेने कळत नाही. त्यासाठी निदान चार गट लागतील: एकटे बसलेले, एकटे चालणारे, ग्रुपने बसलेले, ग्रुपने चालणारे. आणि मोजताना एकट्यांचे कागदी गट करायला विसरायचं नाही, नाहीतर चार डोक्यांची तुलना एका डोक्याशी होईल आणि ग्रुप उगाचच जिंकेल. लहान प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या, खर्च जवळजवळ शून्य आहे.

मूळ पेपरलाही दोन प्रश्न

पेपर चांगला आहे म्हणून तो सोडायचा नाही. पहिला प्रश्न ‘नवीन’ या शब्दाचा. इथे उत्तर नवीन केव्हा? त्या प्रयोगातल्या दुसऱ्या कोणी दिलं नसेल तेव्हा. म्हणजे नावीन्य हे त्या 40-50 जणांच्या तुलनेतलं आहे. संशोधनात नावीन्याची तुलना होते ती आजवर छापून आलेल्या सगळ्या कामाशी. डब्याचे चार मिनिटांत सुचलेले उपयोग आणि चार वर्षं पुरेल असा संशोधनप्रश्न, यांच्यात बरंच अंतर आहे.

दुसरा प्रश्न, हे सगळ्यांना सारखं लागू होतं का? लोरेंझा कोल्झॅटो आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या अभ्यासात नियमित व्यायाम करणारे आणि न करणारे यांच्यावर व्यायामाचा परिणाम सारखा आला नव्हता. तेव्हा रोज पळणाऱ्या गाइडला जे मानवतं ते त्याच्या सगळ्या विद्यार्थ्यांना मानवेल, असं धरून चालता येत नाही.

एवढं ताणायचं कशाला?

‘अरे, सकाळी फिरायला गेले तर बिघडलं काय? एवढं चिरफाड कशाला?’ असं एका मित्राने मला विचारलं. फिरायला गेलं तर काहीच बिघडत नाही. उलट आमच्यासारख्यांनी खुर्चीतून उठायलाच हवं. लॅबमधली माणसं एकमेकांशी मोकळी होतात, हाही फायदा खराच. बिघडतं ते फिरण्याला आयडियांची अधिकृत बैठक केल्यावर.

आयडिया ही संशोधनातली पहिली मालमत्ता आहे. कोणत्या प्रश्नावर कोण काम करणार, पेपरवर पहिलं नाव कोणाचं, याची मुळं अशा बैठकीत असतात. बैठक सकाळी सहाला टेकडीवर असेल तर कोण येणार नाही? जिच्या होस्टेलचं गेट तोपर्यंत उघडत नाही ती. जो दोन लोकल बदलून येतो तो. दमा असलेला, गुडघा दुखणारा, व्हीलचेअर वापरणारा. घरी लहान मूल असलेली पोस्टडॉक. त्यांना कोणी मुद्दाम वगळत नाही, ‘ऐच्छिक आहे’ असंच सांगितलेलं असतं. पण दहा वाजता लॅबमध्ये पाऊल टाकल्यावर त्यांना कळतं की विषय वाटून झाले. आणि का, तर ‘संशोधन सांगतं’! ज्या पेपरने कंटाळवाण्या खोलीत ट्रेडमिलवर चालूनही फायदा होतो असं दाखवलं, त्याच पेपरच्या नावाने टेकडी सक्तीची करायची, हे काही पटत नाही.

आणखी एक साधी बाब. प्रयोगात प्रत्येक उत्तर टिपलं जात होतं. टेकडीवर वारा असतो, कुत्री भुंकतात, वही कोणाकडे नसते. खाली आल्यावर ज्याच्या आयडिया लक्षात राहतात त्या सहसा मोठ्याने बोलणाऱ्याच्या असतात, आणि कधी कधी बोललेला एक असतो नि लक्षात राहतो दुसराच.

मग करायचं काय?

वरचे पेपर एकत्र वाचून मला सुचणारी पद्धत अशी आहे. ही सूचना आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे.

आयडिया काढण्याचं आणि निवडण्याचं काम वेगळं करा. काढताना प्रत्येकाने एकट्याने, स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालायचं. टेकडी, गच्ची, कॉरिडॉर, काहीही चालेल. चालणं शक्य नसेल त्याने खुशाल बसून करावं, कारण एकट्याने, न थांबता बोलणं हा फायद्याचा मोठा भाग आहे. सुचेल ते फोनवर रेकॉर्ड करायचं. आल्या आल्या लिहून काढायचं, चालण्याचा परिणाम थोडा वेळ टिकतो तो इथे वापरायचा. यादीवर नाव आणि तारीख घालायची. मग सगळ्यांच्या याद्या एकत्र करून, टेबलाभोवती बसून निवड करायची. निवड हे एका बिंदूकडे येण्याचं काम आहे, त्याला चालण्याची मदत होईल असा पुरावा 2014 च्या पेपरात नाही. ग्रुपची खरी गरज इथे आहे: चुका काढायला, ‘हे आधी झालंय’ म्हणायला, दोन आयडिया जोडायला.

टेकडीवर जायचं असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी विषय वाटू नका. भेळ खा.

आणि पुढच्या वेळी स्लाइडवर ‘60 टक्के’ दिसलं की चार गोष्टी विचारा: कोणती चाचणी, किती माणसं, तुलना कोणाशी, आणि माणसं एकटी होती की ग्रुपमध्ये. प्रवेशाच्या मुलाखतीत तुमच्या आवडीच्या पेपराबद्दल विचारतील तेव्हाही साधारण हेच विचारतील.